एका ओळीत बेचाळीस अक्षरं

मंगळवारी रात्री अ‍ॅपनं कात टाकली.
सकाळी आई म्हणाली, उर्वे,
टीव्ही आज ओळख दाखवत नाहीये.

खरं सांगू, आधी मला बरंच वाटलं.
अक्षरं आता चौपट मोठी करता येतात,
पिवळी, काळ्या पट्टीवर,
त्र्याऐंशी वर्षांच्या डोळ्यांनाही लख्ख.
आईचे कान केव्हाच गेले,
मासे डबाबंद करायच्या कारखान्यात,
पत्र्याच्या खणखणाटात.
तिला जे ऐकू येतं
ते बहुतेक मीच लिहिलेलं असतं.

माझं काम तेच.
पोर्तुगीज भांडणं एस्टोनियनमध्ये आणायची,
एका ओळीत बेचाळीस अक्षरं,
ओळी दोन, फार तर सहा सेकंद.
आमच्या भाषेत तो आणि ती एकच
आणि भविष्यकाळ नाहीच.
दारात उभं राहून कुणी म्हणालं, मी परत येईन,
तर मी लिहिते: येते परत.
कधी, ते बघणाऱ्यानं आपलं आपण ठरवावं.

आइवार शुक्रवारी हेलसिंकीहून बोटीनं घरी येतो,
बूट अजून सिमेंटनं माखलेले.
आता तो भाग आधीच उतरवून घेतो.
भर समुद्रात, जिथे रेंज मरते,
तिथंही ते गोल चाक फिरत बसत नाही.
याला म्हणतात सुधारणा, तो म्हणतो.
म्हणू दे. खरंच आहे ते.

पण शोधायचं भिंग कुठं दडवलंय
ते मला दोन दिवस सापडलं नाही.
आईची यादी, नऊ वर्षं जमवलेली, गेली.
तिच्या जागी 'खास तुमच्यासाठी':
खून, खून, बर्फात खून, जुळ्या बहिणींचा खून.
एकदा तिला डुलकी लागली
आणि असलंच काहीतरी रात्रभर चालू राहिलं,
तेवढ्यावरून.
चित्रावर नुसतं थबकलं तरी ते बोलायला लागतं,
न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखं.

आणि शेवट.
भाग संपतो न संपतो तोच पडदा आकसतो,
टपालाच्या तिकिटाएवढा होऊन कोपऱ्यात जातो.
पाच, चार, तीन.
त्या तिकिटात प्रकाशवाले, सुतार,
घोडे सांभाळणारा एक माणूस,
आणि सगळ्यांच्या तळाशी
उर्वे पिहलाक,
मुंगीच्या पायाएवढी.
सुरुवात वगळा, शेवट वगळा.
ना शेंडा ना बुडखा,
नुसतं खोड चघळत बसा.

भाषांच्या यादीत एक नवं नावही आलंय:
एस्टोनियन, स्वयंचलित.
गुरुवारी आईचं बोट चुकून त्यावर पडलं.
पडद्यावर म्हातारा कोळी पोराला ओरडला,
मेणबत्ती उभार, वारा सुटलाय!
पोर्तुगीजमध्ये शीड आणि मेणबत्ती
एकाच शब्दात राहतात, यंत्राला ते कोण सांगणार.
आई डोळ्यांत पाणी येईतो हसली.
मग गंभीर होऊन म्हणाली,
आज तुझं कामात लक्ष नव्हतं.
मी नाही ते, आई.
मग कोण?
मला पटकन उत्तर सुचलं नाही.
ती म्हणाली, पण मेणबत्तीचं छान होतं हं.

रात्री मी एकटीनं तो भाग पुन्हा लावला
आणि मोजत बसले.
शंभरातल्या नव्वद ओळी बरोबर होत्या.
चार माझ्यापेक्षा बऱ्या.
हे मी आइवारला अजून बोललेले नाही.

पाचव्या मेन्यूच्या पोटात एक बटण मिळालं:
पुढचा भाग आपोआप. ते बंद केलं.
आता आई शब्दकोड्याचं भिंग घेऊन
पडद्याला नाक लावते
आणि नावं मोठ्यानं वाचते,
सुतारापासून.

काल कंपनीकडून एक वाक्य आलं, भाषांतराला:
पुढची आवृत्ती लवकरच येईल.
पैसे बेताचेच, पण घेतलं.
लिहिलं: नवी आवृत्ती लवकर येते.
आईनं माझ्या खांद्यावरून वाचलं.
कोण येतंय, ती म्हणाली,
शुक्रवारीच का?
सूप थोडं जास्त टाकू?